ज्ञानेश्वरी ‘डी’मध्ये की ‘जे’मध्ये?

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मराठीच्या सेमिनारसाठी मी 1946 चं बेळगावचं साहित्य संमेलन हा विषय घेतला. ग. त्र्यं. माडखोलकर त्याचे अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्याच संमेलनात झाला. आमच्या भागात हे घराघरात बोललं जातं, पण अध्यक्षांचं भाषण मुळातून वाचलेलं मला कुणी भेटलं नव्हतं. संमेलनाध्यक्षांच्या भाषणांचा एखादा संग्रह कॉलेजच्या लायब्ररीत असणार म्हणून कॅटलॉगच्या कॉम्प्युटरवर बसले. देवनागरीत शोधलं, काही नाही. रोमन अक्षरांत शोधलं, तरी काही नाही. माडखोलकरांचं नाव तीन तऱ्हांनी टाकलं. शून्य.

काउंटरवरचे अण्णा म्हणाले, “आहे की गं ते पुस्तक! निळ्या कापडाची बांधणी. मी स्वतः कितीदा पुसलंय.” पण हॉलला रंग दिला तेव्हा सगळी कपाटं हलली होती, त्यामुळे ते आता कुठं असेल हे त्यांनाही सांगता येईना.

शेवटी ग्रंथपाल मॅडमनी जुनं अ‍ॅक्सेशन रजिस्टर काढलं. हातभर लांब, कडा झिजलेलं. कॉलेजात आलेलं प्रत्येक पुस्तक ज्या दिवशी आलं त्या क्रमाने त्यात लिहिलेलं असतं: दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, पानं, किंमत. कुण्या जुन्या ग्रंथपालांनी निळ्या शाईत, वळणदार मराठीत त्या ओळी लिहिल्या होत्या. आमचं पुस्तक त्यात होतं. दोन दिवसांनी ते सापडलं हिंदीच्या रॅकवर.

ते तिथं कसं गेलं, ते मॅडमनी नोंद उघडून दाखवलं. कॉम्प्युटरच्या नोंदीत प्रत्येक पुस्तकाच्या भाषेचा तीन अक्षरी कोड असतो. मराठीचा ‘एम-ए-आर’, कन्नडचा ‘के-ए-एन’. काही वर्षांपूर्वी डेटा भरण्याचं काम बाहेर दिलं होतं. भरणाऱ्यांनी देवनागरी लिपी बघितली आणि हिंदीचा कोड टाकून दिला. त्यावरून पुढे लेबलंही तशीच छापली गेली. पुस्तकांना विषयाप्रमाणे आकडे द्यायच्या ड्यूई पद्धतीत हिंदी साहित्य 891.43 आणि मराठी 891.46. शेवटचा एक आकडा चुकला की पुस्तक दुसऱ्या भाषेत जातं. रॅकवर असूनही ते नसल्यासारखंच.

मी विचारलं, “मॅडम, अशी अजून किती असतील?”

मॅडमची मातृभाषा कन्नड. मराठी छान बोलतात, वाचायला मात्र थोडा वेळ घेतात. त्या म्हणाल्या, “नोडोण. तू वाच, मी भरते.” नोडोण म्हणजे बघू या. त्या एका शब्दावर आमचं काम सुरू झालं.

निमित्तही जवळच होतं. 14 ते 20 नोव्हेंबर हा राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह. दरवर्षी नवीन पुस्तकांचं प्रदर्शन लागतं, फलकावर कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशी तीन भाषांत सूचना असते. यंदा मॅडमनी मराठी विभागातली सगळी पुस्तकं बाहेर काढून टेबलांवर मांडायचं ठरवलं. बघणाऱ्यांना प्रदर्शन, आणि आम्हाला एकेक पुस्तक हातात घेऊन तपासायची संधी. खानापूरकडच्या पावसात पुस्तकांचं काय होतं हे मी घरी बघितलंय, तरी इथल्या खालच्या फळीवरची पुस्तकं उघडताना जीव कळवळला. पानं एकमेकांना चिकटलेली, कसरीने आरपार पाडलेली भोकं. अण्णांनी ती उन्हात न घालता व्हरांड्यातल्या सावलीत पंख्याखाली उभी करून वाळवली. कडक उन्हात पान ठिसूळ होतं, असं ते म्हणतात.

सगळ्यात जास्त वेळ ‘ज्ञ’ने घेतला. आमच्याकडे ज्ञानेश्वरीच्या पाच प्रती आहेत आणि कॉम्प्युटरवर त्या तीन ठिकाणी होत्या. रोमन लिपीत मराठी माणूस ज्ञानेश्वर हे नाव ‘डी-एन-वाय’ने सुरू करतो, कन्नड माणूस ‘जे-एन’ने, आणि हिंदीच्या सवयीचा माणूस ‘जी-वाय’ने. ज्याने ज्या दिवशी जसं ऐकलं तसं भरलं. चूक कुणाचीच म्हणता येत नाही, तिघंही आपापल्या भाषेशी प्रामाणिकच होते. पण मराठीची मुलगी ‘डी’ टाकून शोधते, तिला एक प्रत दिसते, ती कुणीतरी नेलेली असते, आणि उरलेल्या चार रॅकवर धूळ खात राहतात.

वाट मॅडमना माहीत होती. कॅटलॉगच्या नोंदीत 245 हा शीर्षकाचा रकाना असतो आणि 246 हा पर्यायी शीर्षकाचा. 245 मध्ये शुद्ध देवनागरी, पुस्तकावर छापलंय तसं. 246 मध्ये रोमनमधली तिन्ही रूपं. आता कुणी कसंही शोधो, पाचही प्रती समोर येतात. तुमच्या कॉलेजात मराठी पुस्तकं सापडत नसतील तर ग्रंथपालांना एवढं एकच विचारा, 246 भरलंय का.

दुसरी अडचण जुन्या फॉन्टची. युनिकोडच्या आधीच्या काळात काही नोंदी फॉन्टवर अवलंबून असलेल्या पद्धतीने टाइप झाल्या होत्या. तो फॉन्ट कॉम्प्युटरवर नसला की देवनागरीच्या जागी नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. अशा सगळ्या नोंदी पुस्तक समोर ठेवून नव्याने लिहाव्या लागल्या.

आणि तिसरी अडचण अशी, की ती लक्षात यायलाच आठवडा गेला. ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’ असले शब्द शीर्षकात असलेली पुस्तकं शोधून सापडत नव्हती, आणि नोंद उघडली तर शब्द अगदी बरोबर दिसायचा. कारण हा ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, मशीनला वेगवेगळे. आम्ही सगळीकडे स्वतंत्र ‘ऱ’ ठेवायचं ठरवलं. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर जे दाबलं की र आणि शिफ्टबरोबर जे दाबलं की ऱ, तसंच एन वर ल आणि शिफ्ट एन वर ळ. या चार खुणा कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवल्या, त्या अजून आहेत.

एक पुस्तक मला कायमचं लक्षात राहील. ना मुखपृष्ठ, ना शीर्षकाचं पान, सुरुवातच पान 9 पासून. प्रदर्शनाच्या टेबलावरून ते रद्दीत जायला निघालं होतं. अण्णा म्हणाले, “थांबा, गुप्त पान बघू.” पूर्वी प्रत्येक लायब्ररी आतल्या एका ठरलेल्या पानावर दाखल क्रमांक लिहून ठेवायची, पुस्तक चोरीला गेलं किंवा फाटलं तरी ओळख पटावी म्हणून. आमच्या लायब्ररीचं ते पान कुठलं हे फक्त अण्णांना पाठ होतं. त्यांनी ते उघडलं. मार्जिनमध्ये त्याच निळ्या शाईत, त्याच वळणदार हातात आकडा. रजिस्टरमध्ये त्या आकड्यापुढे नाव, लेखक, किंमत, सगळं होतं. एकांकिकांचं पुस्तक निघालं. मी कोऱ्या कागदावर शीर्षक लिहून पुढे चिकटवलं आणि मॅडमनी नवा बारकोड लावला.

ऑनलाइन साधनांचं काम त्यामानाने लवकर आटपलं. एन-लिस्ट या कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथसेवेचं लॉगिन कॉलेजच्या यादीत नाव गेलं की मिळतं, पण त्यात बहुतेक इंग्रजी जर्नल्स आणि पुस्तकं. मराठीच्या मुलांना जास्त उपयोग शोधगंगेचा, तिथे विद्यापीठांतले मराठी प्रबंध पूर्ण वाचता येतात. मराठी विश्वकोशही ऑनलाइन मोफत आहे. या दोन्हींचे पत्ते आता लायब्ररीच्या दारातल्या फलकावर मराठीत लावलेत.

मधल्या काळात मी मॅडमना कन्नड रॅकवरही मदत केली. मराठी माध्यमात शिकलो तरी शाळेत आम्हाला कन्नड होतंच, तेव्हा पुस्तकांची नावं वाचता येतात. ड्यूईत कन्नड साहित्य 894.814 ला, कारण भाषेचं कुळच वेगळं. आमच्या हॉलमध्ये मात्र जागेच्या सोयीने दोन्ही रॅक समोरासमोर आहेत आणि मधल्या बाकावर दोन्हीकडची मुलं बसतात.

27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, मराठी विभागाची शेवटची नोंद भरून झाली. माझा सेमिनार त्याआधीच झाला होता. निळ्या बांधणीचं ते पुस्तक परत करायला गेले तेव्हा मॅडमनी ते घ्यायच्या आधी मला कॉम्प्युटरवर शोधायला लावलं. देवनागरीत दोन शब्द टाकले, पहिल्याच ओळीत नाव आलं, पुढे 891.46 आणि माझ्या नावावरची तारीख.

खालच्या मजल्यावर दिवाळी अंकांचं एक कपाट अजून उघडायचंय. वर्ष आणि संपादक बघून त्या एकेका अंकाची नोंद करावी लागेल. किल्ली अण्णांकडे आहे, परीक्षा संपली की त्या सोमवारी जाणार आहोत.