गिरगाव ते बॅलार्ड इस्टेट, वाटेत दोन इराणी

बाबांनी "एक ब्रून मस्का, एक पानी कम" (म्हणजे कमी पाण्याचा कडक चहा) असं सांगून टाकलं आणि वेटर वळलासुद्धा. मला अडवायला वेळच मिळाला नाही. माणूस शहात्तर वर्षांचा, वरची कवळी दोन महिन्यांपूर्वी बसवलेली, आणि ब्रून म्हणजे पावाच्या जातीतला दगड. बन मस्का मऊ, किंचित गोड असतो. ब्रूनचं कवच असं की चावताना शेजारच्या टेबलावर आवाज जातो.

ब्रून आला. आडवा कापलेला, आत मस्का, वरून सुरीने पाडलेल्या पट्ट्या. बाबांनी चहा बशीत ओतला, एक पट्टी उचलून त्यात बुडवली आणि घड्याळात बघितल्यासारखे थांबले. कवचाचा रंग गडद झाला, मस्का वितळून बशीत पिवळी नाणी तरंगायला लागली, तेव्हा पट्टी तोंडात गेली. "दात नव्हते तेव्हाही असाच खायचो," म्हणाले. दात असतानाही असाच खात होते, पण मी दुरुस्त केलं नाही.

तर हा वृत्तांत मुंबईतल्या दोन जुन्या इराणी हॉटेलांचा: धोबीतलावाच्या कयानीचा आणि बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियाचा. एकाच दिवसात दोन्ही. नाशिकहून बाबांना घेऊन आले होते, मुक्काम दादरला आत्याकडे. बाबा १९७१ ते १९७९ अशी आठ वर्षं बॅलार्ड इस्टेटमध्ये एका शिपिंग एजंटच्या कचेरीत कारकून होते आणि गिरगावात चाळीत राहत होते. रोज सकाळी गिरगावातून धोबीतलाव, तिथून बोरीबंदर (आताचं सीएसएमटी स्टेशन), मग बॅलार्ड इस्टेट, असे पायी. बसचे पैसे वाचायचे. आमचा बेत साधा होता: त्याच वाटेवर सुरुवातीच्या इराण्याकडे न्याहारी आणि शेवटच्या इराण्याकडे जेवण. गंमत म्हणजे कयानीत ते दर पगाराला जायचे आणि ब्रिटानियात आठ वर्षांत एकदाही गेले नव्हते. "डबा असायचा," एवढंच कारण.

आधी कयानी. पुण्याच्या ईस्ट स्ट्रीटवरच्या श्रूजबेरी बिस्किटवाल्या कयानीशी गल्लत नको, हे वेगळं. १९०४ सालचं, जेर महाल नावाच्या जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, मेट्रो सिनेमाच्या समोर. मरीन लाइन्सला उतरून पूर्वेला बाहेर पडलात की चालत पाच-सात मिनिटं. आत शिरलं की आधी काउंटर लागतो, काचेमागे केक-पॅटिस, बरण्यांत बिस्किटं आणि खारी. चौकड्यांचे टेबलक्लॉथ, वाकवलेल्या लाकडाच्या त्या पाठीच्या खुर्च्या, उंच छत, लाकडी माळा. बाबांनी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून हलवून बघितली. हलली नाही.

आम्ही गुरुवारी साडेआठला पोचलो. ही वेळ मला एकदम योग्य वाटली. कोर्टकचेरीवाले, वर्तमानपत्र घेऊन बसलेले एकटे म्हातारे, कॉलेजची पोरं असे सगळे होते, आणि तरी टेबल मिळालं. शनिवार-रविवारी दहानंतर फोटो काढणाऱ्यांची झुंबड असते असं आत्येभावाने बजावलं होतं, म्हणून मुद्दाम आडवार निवडला. टेबल वाटून घ्यावं लागलं तर नाक मुरडू नका, इराण्याकडे ती रीतच आहे. आमच्यासमोर एक वकील येऊन बसले, खिमा-पाव संपवला, बाबांना "इथे पहिल्यांदा?" असं विचारलं. बाबांनी "नाही, १९७१ पासून" असं उत्तर दिलं. मधली सेहेचाळीस वर्षं गाळून.

मागवायचं काय? मी अकुरी घेतली, म्हणजे कांदा-टोमॅटो-मिरची घातलेली, जरा ओलसर ठेवलेली पारशी अंडाभुर्जी. सोबत पाव. तुम्ही खिमा खाणारे असाल तर खिमा-पाव घ्या. पण दुपारी ब्रिटानियाचा बेत असेल तर इथे हात आवरता घ्या. एक बन मस्का, एक अंड्याचा पदार्थ दोघांत, चहा, बास. मावा केक खायचाच, पण तो बांधून घ्या, चार वाजता खा. अंडं न खाणाऱ्यांसाठी सांगते: मावा केकमध्ये अंडं असतं. तुमच्यासाठी बन मस्का आणि खारी. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर खालीच बसा, माळ्याचा मोह नको. आणि रोख रक्कम ठेवा, दोन्ही ठिकाणी. मोबाइलने पैसे देण्याच्या भरवशावर जुन्या हॉटेलांत जाऊ नये, हे माझं सर्वसाधारण मत आहे.

इराणी म्हणजे पारशी का, असा प्रश्न मला दरवेळी कोणीतरी विचारतंच. धर्म अनेकदा तोच, पण येणं वेगळं. पारशी कित्येक शतकांपूर्वी गुजरातेत उतरले. हे इराणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि विसाव्याच्या सुरुवातीला यझ्द, केरमान या भागांतून आले. त्यांच्यात जरथुष्ट्री जास्त, पण मुसलमान इराणीही होते. हिंदू दुकानदार कोपऱ्याची जागा अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली असं सांगतात. खरंखोटं काही असो, दोन रस्त्यांवर उघडणारं हॉटेल, दोन्ही बाजूंनी उजेड आणि एका चहावर तासभर बसू देणारा मालक, हे गणित जमून गेलं. गिरगावातल्या दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं राहत असताना बाबांसारख्यांना बसायला ऐसपैस जागा मिळायची ती इराण्याकडे. चहा हे त्या जागेचं भाडं. आता जमिनीचे भाव बघता ते भाडं कोणाला परवडणार? एके काळी मुंबईत शेकड्यांनी असलेले इराणी आज बोटांवर मोजण्याइतके आले आहेत. कयानीच्या जवळच बस्तानी होतं, तेही गेलं. बाबा तिथे उभे राहून दुकानांच्या पाट्या वाचत बसले आणि मग काही न बोलता पुढे निघाले.

कयानी ते ब्रिटानिया अंतर दोनेक किलोमीटर. मला टॅक्सी करायची होती. दोघा टॅक्सीवाल्यांनी "इतनाही?" असं म्हणत मान फिरवली आणि बाबांना हवं तेच झालं, चालत निघालो. तरुण पायांना अर्धा तास, आम्हाला तासाहून जास्त लागला, आणि दोन जेवणांच्या मधे एवढं चालणं लागतंच. महापालिका मार्गाने सावली चांगली आहे. झेवियर्स कॉलेज, कामा हॉस्पिटल, मग महापालिकेची इमारत आणि समोर १८८८ साली पूर्ण झालेलं बोरीबंदर. भुयारी मार्गाने पलीकडे जा, रस्ता ओलांडायचं धाडस करू नका. जीपीओत, म्हणजे मुख्य टपाल कचेरीत, दोन मिनिटं डोकावा. १९१३ सालची इमारत, घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून बेतलेला. बाबा म्हणाले, "मनीऑर्डर इथून करायचो," आणि कुठल्या खिडकीतून ते शोधायला लागले. ती खिडकी काही सापडली नाही.

बॅलार्ड इस्टेटला शिरताच आवाज बदलतो. फोर्टचा गोंगाट मागे राहतो आणि एकसारख्या उंचीच्या दगडी इमारती, रुंद रस्ते, झाडं. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१४ ते १९१८ मध्ये, गोदीच्या खोदकामात निघालेल्या भरावावर हा भाग उभा राहिला. आराखडा जॉर्ज विटेट यांचा, गेटवे ऑफ इंडियावालेच. बाबांच्या कचेरीची इमारत आहे, आत आता काय आहे कळलं नाही. रखवालदाराने "किससे मिलना है?" विचारलं. याला बाबांकडे उत्तर नव्हतं.

ब्रिटानिया वेकफिल्ड हाउसमध्ये, न्यू कस्टम हाउसच्या जवळ. १९२३ साली सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराने ही जागा ताब्यात घेतली होती, स्वातंत्र्याच्या सुमारास परत मिळाली. फक्त दुपारचं जेवण मिळतं, साधारण बाराच्या आसपास ते चारपर्यंत. रात्री जाऊन परत आलेली माणसं मला माहीत आहेत. साप्ताहिक सुट्टीचा वार मागे बदललेला आहे, त्यामुळे निघण्याआधी फोन करून विचारा. बाराला दारात हजर राहा; एक वाजला की आसपासच्या कचेऱ्या सुटतात आणि मग फुटपाथवर उभं राहावं लागतं. आम्ही पावणेबाराला पोचलो आणि पहिल्या काहींत आत गेलो.

रंग उडालेल्या भिंती, उंच खांब, तशाच वाकवलेल्या खुर्च्या, भिंतीवर राणी एलिझाबेथ आणि गांधीजी एकाच हॉटेलात नांदताहेत. मालक बोमन कोहिनूर यांना पाहिलेले वाचक इथे असतील. नव्वदी ओलांडल्यावरही टेबलाटेबलाशी जाऊन ऑर्डर घ्यायचे, इंग्लंडच्या राजघराण्याचं भारी प्रेम, २०१६ मध्ये प्रिन्स विल्यम आणि केट मुंबईत आले तेव्हा त्यांना जाऊन भेटले. २०१९ मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी गेले. मी एकदाच, कॉलेजात असताना, त्यांना बघितलं होतं; त्यांनी माझं ताट पाहून काहीच टाकायचं नाही अशी खूण केली होती.

इथे मागवायची गोष्ट बेरी पुलाव. मटण, चिकन, भाज्यांचा, सगळे प्रकार मिळतात. आम्ही मटणाचा घेतला, दोघांत एक. स्वस्त नाही, पण दोन बेताच्या भुकांना एक पुरतो, हे लक्षात ठेवा. ताटात आधी फक्त भात दिसतो आणि बाबांचा चेहरा पडला होता. चमचा खाली घाला. मटण, मसाला, छोटे कोफ्ते सगळं भाताच्या पोटात दडलेलं असतं. वर तळलेला कांदा, काजू आणि त्या बेऱ्या. झेरेश्क म्हणतात त्यांना, इराणहून येतात. मसुराच्या दाण्यापेक्षा जराशा मोठ्या, माणकासारख्या लाल, सुरकुतलेल्या. कोहिनूरांच्या पत्नीने इराणमध्ये खाल्लेला पुलाव आपल्या जिभेला रुचेल असा मसालेदार करून १९८०च्या दशकात इथे आणला. म्हणजे बाबा रोज या दारावरून जात होते तेव्हा हा पुलाव इथे नव्हताच! मी हे सांगितल्यावर त्यांना फार बरं वाटलं. आठ वर्षांचा डबा एकदम वसूल झाल्यासारखं.

पहिल्या बेऱ्या त्यांनी बाजूला काढून ताटाच्या कडेला ओळीने मांडल्या, खडे निवडावेत तशा. मग एक चाखली. डोळे मिटले. बाबा मूळचे राजापूरकडचे, आंबटाच्या बाबतीत त्यांना फसवता येत नाही. "आमसुलाच्या घरची आहे," म्हणाले. मग ओळीतल्या सगळ्या एकेक करून संपवल्या आणि माझ्या बाजूच्याही वेचायला लागले. खरंच, तूपकट भात आणि मटण यांच्या मधे तो आंबट ठिणगीसारखा दाणा आला नाही तर हा पुलाव जड वाटेल.

सोबत पालनजीची रासबेरी, म्हणजे रासबेरीचा सोडा, घ्या. कंपनी १८६५ची, बाटलीतला रंग बर्फाच्या गोळ्यावरच्या लाल सरबताचा, आणि गोडही तितकीच. एक दोघांत पुरे. धनसाक, साली बोटी या भरपेट पारशी पदार्थांसाठी चौघं मिळून जा, दोघांच्या पोटाचं ते काम नाही. कॅरॅमल कस्टर्डला मात्र जागा ठेवा. कवळीला सर्वात सोयीचा पदार्थ, असा अभिप्राय बाबांनी दिला. फोटो काढायचे तर पदार्थांचे खुशाल काढा, जेवणाऱ्या माणसांचे विचारून. आणि बाहेर रांग असेल तर जेवण झाल्यावर गप्पा मारत बसू नका. बसायचं असेल तर कयानीत बसा, सकाळी.

चर्चगेटला यायला यावेळी टॅक्सी मिळाली. खारीचा पुडा माझ्या पिशवीत दबून निम्मा चुरा झाला होता. तो सगळ्यात वर ठेवायचा असतो, हे आता शिकले. मावा केक धड राहिले. दादरला पोचल्यावर आत्याने चहा टाकला आणि केक कापत विचारलं, "काय रे दादा, काय खाल्लंस एवढं ब्रिटानियात?"

बाबांनी शर्टाच्या खिशातून पेपर नॅपकिनची पुडी काढली. आत सात-आठ बेऱ्या होत्या, भाताच्या एका शितासकट.

"इराणची करवंदं," ते म्हणाले. "बघ, चाखून."