अठ्ठ्याहत्तर म्हणजे अठ्ठ्याहत्तरच नव्हे

ग्रामोफोनच्या जुन्या रेकॉर्डी स्पिरिटनं पुसू नका. सॅनिटायझरनं तर अजिबातच नको. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कुणी नाही वाचलं तरी एवढं काम झालं.

मी पुसली. मामा जाऊन तीन महिने झाले होते, पावसाळा सरत आला तसं मामी म्हणाली माळ्यावरच्या पेट्या खाली काढूया, आणि पहिल्याच पेटीत वरच्याच रेकॉर्डीवर पांढरी बुरशी, म्हणलं मोबाईलची काच पुसतो तशी पुसावी, कापसावर सॅनिटायझर घेतला आणि फिरवला. कापूस काळा झाला. मला वाटलं वा, किती घाण निघतेय! मग बोटं चिकटायला लागली. सुतारकाका खळ्यात मामीची खाट दुरुस्त करत बसलेले, त्यांनी तिथूनच वास घेतला आणि ओरडले, "अगो बाय, ह्यो चपडो मगे! स्पिरिट लावलंस तर इरघळतलोच!"

कपाटाला पॉलिश करायला सुतार जो चपडा स्पिरिटात विरघळवतात तोच हा. पळसा-कुसुमाच्या झाडांवर लाखेचे किडे बसतात, त्यांच्या लाखेचा चपडा होतो, तो आपल्याकडून जहाजं भरभरून बाहेर जायचा, त्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळून रेकॉर्ड दाबायचे. मला एमए होऊन हे माहीत नव्हतं, सुतारकाकांना वासावरून कळलं. मामाला हे सांगायला हवं होतं, पोट धरून हसला असता (आधी दोन तास बोलला नसता, मग हसला असता).

तर पुसायचं ते बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरनं, त्यात साध्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, ब्रश खाचेच्या दिशेनंच फिरवायचा, मधल्या कागदाला पाणी लागू द्यायचं नाही आणि वाळवायचं सावलीत. उन्हात ठेवली तर पापडासारखी वाकते. आणि उभ्या ठेवायच्या, एकावर एक रचायच्या नाहीत. आमच्याकडे त्या तीस वर्षं एकावर एक होत्या.

मामा म्हणजे माझा थोरला मामा. मुंबईला गोदीत कारकून होता, गिरगावात चाळीत एक खोली, आणि गाव आचऱ्याच्या अलीकडे, समुद्र दिसत नाही पण रात्री ऐकू येतो एवढ्या अंतरावर. शनिवारी अर्धा दिवस भरला की हा माणूस चोरबाजारात. लोक मुंबईहून गावाला येताना बिस्किटाचे डबे आणायचे, ह्यानं आणल्या रेकॉर्डी. आधी भाऊच्या धक्क्यावरनं बोटीनं, मग एसटीनं, आणि एसटीत पेटी टपावर द्यायची नाही, मांडीवर घ्यायची. दहा इंची एक रेकॉर्ड साधारण दोनशे ग्रॅमची, म्हणजे पन्नास म्हणजे दहा किलो, ते दहा किलो मांडीवर घेऊन अख्खा मुंबई-गोवा रस्ता. रिटायर होईपर्यंत नऊशेच्या वर झाल्या. माळ्याचा वासा खाली आला तेव्हा सुतारकाकांनीच खालून टेकू दिला.

मामीचं ह्या सगळ्यावर फार काही म्हणणं नव्हतं. एकदा तिनं काठ फुटलेली एक रेकॉर्ड माठावर झाकण म्हणून ठेवली, बरोब्बर बसत होती म्हणे. आठवडाभर सगळे त्याच माठातलं पाणी प्याले. मग मामानं झाकण उचलून वाचलं, ती जुन्या काळच्या मोठ्या गायिका जोहराबाई आग्रेवालींची निघाली. जोहराबाई गेल्या १९१३ साली, त्यांच्या रेकॉर्डी त्याच्या आधीच्या चार-पाच वर्षांतल्या, त्यामुळं मामा त्या रात्री जेवला नाही. मामी अजून म्हणते, "फुटकीच होती ना? मग?"

आता खरी गोष्ट. मामा गेल्यावर एक व्यापारी आला, मोठ्या शहरातनं, गाडी घेऊन. बरा बोलायचा. दोन तास बसून त्यानं चाळीसेक रेकॉर्डी बाजूला काढल्या, एक आकडा सांगितला आणि उरलेल्यांवर हात फिरवत म्हणाला, ह्या किलोवर जातील. आकडा वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू, घराचं छप्पर शाकारून झालं असतं. मामीनं माझ्याकडे बघितलं, मी माझ्या मुलाकडे, आणि मुलगा म्हणाला, "आई, हे सगळं यूट्यूबवर आहे गं."

त्याचं म्हणणं तसं चुकीचं नव्हतं. त्याच रात्री त्यानं व्यापाऱ्यानं काढलेल्या नावांतली दहा-बारा शोधून दाखवली. पण ती ऐकताना मला काहीतरी खटकत होतं. मला गाण्यातलं फार कळत नाही, मी फक्त मामाच्या खोलीत सुट्ट्या काढल्यात, कानावर पडलंय तेवढंच. पण ही बाई आमच्या घरात अशी गात नव्हती. आमच्याकडे ती भारी, शांत गायची, इथं मोबाईलवर तीच बाई चिवचिव करत होती, ताना घाईघाईनं, जणू शेवटची एसटी गाठायचीय.

मग वही काढली.

मामाची वही म्हणजे गोदीतलं जुनं आडवं रजिस्टर. रकाने आखलेले. नंबर, कोण, राग, कुठं घेतली, किती दिले ("दीड रुपया, मागत होता तीन"), आणि शेवटचे दोन रकाने, स्पीड आणि पट्टी (म्हणजे बाजाच्या पेटीवरच्या कुठल्या सुरात गायलंय ते). आम्ही लहानपणी ही वही शंभरदा बघितलेली, शेवटच्या दोन रकान्यांकडं कधी लक्षच गेलं नव्हतं. ७६. ७४. ७८. ७३, "पेटीशी जुळते". ८०, "पण शंका". त्या बाईपुढं लिहिलं होतं ७३, काळी चार.

ह्या तव्यांना सगळं जग सेव्हन्टी-एट म्हणतं, मिनिटाला ७८ फेरे. पण जुन्या काळात कंपन्यांचाच एकमेकींना मेळ नव्हता, रेकॉर्डिंगचं मशीन आज ७४ नं फिरलं, उद्या ७६ नं, कुणी लिहून ठेवायचं नाही. मायक्रोफोन आला १९२५ च्या सुमारास, त्याआधी गाणाऱ्यानं एका भोंग्यात तोंड घालून ओरडायचं आणि तीन मिनिटांत सगळा राग उरकायचा. ७४ वर घेतलेली रेकॉर्ड तुम्ही ७८ वर वाजवलीत तर सूर जवळपास एक पट्टी वर जातो, काळी एक असेल तर पांढरी दोन होते. लयही वाढते. म्हणजे माणूसच बदलतो. भीमसेन जोशी लहानपणी एका दुकानात अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकून गाण्यापायी घर सोडून गेले ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, मामा त्यावर एकच विचारायचा, "त्या दुकानातल्या मशीनचा स्पीड किती होता ते कुणी सांगेल काय?" आम्हाला वाटायचं विनोद करतोय.

मामाकडे एक पुठ्ठ्याची चकती होती, काठानं काळ्या-पांढऱ्या रेघा, मोजल्या तर ७७ भरतात. ती रेकॉर्डीवर ठेवायची, वर बल्ब लावायचा, चकती फिरत असताना रेघा जागच्या जागी उभ्या दिसल्या की स्पीड ७८ ला आला. आपल्या विजेचा दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो त्याचा हा हिशोब. मुलानं ही चकती एलईडीखाली धरली, रेघा काही थांबेनात, मशीन बिघडलंय म्हणून खोलायला निघाला होता! मग मामीनं देवघरातला पिवळा बल्ब काढून दिला आणि रेघा थांबल्या. बाकीचे स्पीड मामा घड्याळ लावून मोजायचा, रेकॉर्डीच्या काठाला कागदाचा कपटा चिकटवून एक मिनिट फेरे मोजत बसायचा. मला आठवतंय तो मोजत बसलेला. आम्ही मध्ये बोललो की चिडायचा.

ह्यावरून आठवलं. केसरबाई केरकर, आपल्या शेजारच्याच, गोव्यातल्या केरीच्या, त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातनं अंतराळात पाठवली, सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई गेल्या. ती तबकडी मिनिटाला पावणेसतरा फेऱ्यांच्या किंचित खाली, म्हणजे सोळा पूर्णांक दोन तृतीयांश फेऱ्यांनी वाजवायची आहे आणि हे कव्हरवर चित्रानं सांगितलंय, एका फेरीला लागणारा वेळ हायड्रोजनच्या अणूच्या मापात मांडून, कारण वाजवणाऱ्याला आपला सेकंद काय ठाऊक. मामा ह्या गोष्टीवर जाम खूश होता. दुसऱ्या ग्रहावरल्यांना स्पीड लिहून पाठवला, म्हणायचा, आणि आमच्या कलकत्त्याच्या कंपनीला एक आकडा लिहायचं सुचलं नाही.

तर व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं. छप्पर पुढच्या वर्षी बघू. त्याला वही पण हवी होती बरं का, रेकॉर्डींबरोबर "फुकट", असं हळूच म्हणाला होता. तेव्हा कळलं नव्हतं.

आता आम्ही एकेक रेकॉर्ड वहीतल्या स्पीडनं वाजवतो आणि मुलगा कॉम्प्युटरवर उतरवून घेतो. दर बाजूला सुई नवीन, पोलादी सुई एका बाजूतच झिजते आणि झिजलेली सुई पुढच्या रेकॉर्डीची खाच खाते. मामाकडे सुयांच्या पत्र्याच्या डब्या आहेत, दोनशे-दोनशेच्या, कुत्र्याचं चित्र असलेल्या. सुया संपल्या की मामानं एकदा करवंदीचा काटा लावून बघितला होता, आवाज आला पण घोंगडी पांघरून गातायत तसा.

आणि मग आली ३१२ नंबर.

लेबल कसरीनं खाल्लेलं, नाव नाही, राग नाही. वहीत फक्त "चोरबाजार, आठ आणे", पट्टीचा रकाना कोरा आणि स्पीडच्या रकान्यात मामाच्या अक्षरात, "बाईला विचार".

मामी बाहेर निवडत बसलेली, तिला विचारलं. तिनं वही लांब धरून वाचली, म्हणाली, "माका काय ठावक? माका आयुष्यात कधी काय विचारल्यान नाय, आता हय लिवून ठेवल्यान!" आणि जरा डोळे पुसल्यासारखे केले, तेव्हा मी गप्प बसले.

७८ वर लावून बघितली. बारीक आवाज, साथीला पेटी. पेटी आहे म्हणजे तिच्यावरून पट्टी लागेल म्हणून दशावताराचे पेटीमास्तर गाठले. तुळशीचं लग्न झालं की त्यांचा सीझन सुरू होतो, मग रोज एका गावात रात्रभर नाटक, माणूस सापडत नाही, त्याआधीच दोन दिवस मिळाले. पायपेटी घेऊनच आले. पहिल्यांदा ऐकून म्हणाले, पेटीवर काय भरवसा, तेव्हाच्या पेट्या तरी कुठं एकसारख्या लावलेल्या असायच्या. तरी दोन-तीनदा सूर धरून बघितले, ७६ ला पण बसतंय म्हणाले, ७२ ला पण बसतंय. बाईचा आवाज काय, बाई कुठल्याही पट्टीत गाईल. मग त्यांनी वही मागितली, ते दोन शब्द वाचले आणि मशीनकडं बोट केलं. "ही बाय म्हणता तो. शेवटाक बोलता ती."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गौहर जाननं १९०२ साली कलकत्त्यात पहिल्या रेकॉर्डी दिल्या तेव्हा गाणं संपल्यावर इंग्रजीत आपलं नाव सांगितलं होतं, तबकड्या दाबायला जर्मनीला हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या कामगाराला कळायला पाहिजे ना कुणाची कुठली. नंतर पुष्कळांनी तसं केलं. आणि गाताना माणूस कुठल्याही पट्टीत गातो पण बोलताना आपल्याच आवाजात बोलतो, मामाला तेच म्हणायचं होतं.

गाण्याच्या शेवटी खरखरीत दोनच शब्द आहेत, पहिला चरा पडून गेलाय, दुसरा "बाई". ७८ वर ते "बाई" एखादी शाळकरी पोर म्हणतेय असं वाटतं. ७६ वर पोर जरा मोठी झाली. मुलगा खटका सरकवत होता, मास्तर डोळे मिटून, मी दर वेळी सुई बदलत, असं करत करत ७२ च्या खाली आलो. दाराबाहेर मामीचं निवडणं थांबलं. "हां," ती आतल्या बाजूला न बघताच म्हणाली, "आता माणसासारखी बोलली."

पेन्सिलनं रकान्यात लिहिलं, ७१॥, म्हणजे साडेएकाहत्तर. "बाईला विचार" खोडलं नाही, त्याच्या बाजूला लिहिलं. मास्तर मात्र पायपेटी आवरत जाताना पण ७२ च म्हणत होते.