माझा अनुभव: हेमी डार्टच्या टायटलवरचा 'ओ'

अमेरिकेत 1968ची हेमी डार्ट, म्हणजे ड्रॅग रेससाठी बनवलेली डॉज डार्ट, घ्यायला निघालेल्या माणसाच्या डोक्यात 426 हेमी इंजिन, चार गिअरचा ए-833 गिअरबॉक्स आणि मागचा डॅना 60 एक्सल याशिवाय काही नसते. माझे काम मात्र कागदावरच्या एका अक्षरापाशी अडले. त्याचा राग अजून उतरलेला नाही. म्हणून आधी तेच सांगतो: सौदा पक्का करण्यापूर्वी टायटलवरच्या (गाडीच्या मालकीच्या दाखल्यावरच्या) व्हिन नंबरातले, म्हणजे वाहन ओळख क्रमांकातले, दुसरे अक्षर बघा.

या गाडीचा व्हिन एलओ23एम8बी असा सुरू होतो, पुढे सहा आकडे. एकूण 13 खुणा. एल म्हणजे डार्ट, ओ म्हणजे सुपर स्टॉक हा रेसचा वर्ग, 23 म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, एम म्हणजे खास ऑर्डरचे इंजिन, 8 म्हणजे 1968 आणि बी म्हणजे हॅमट्रॅमॅकचा कारखाना. दुसऱ्या जागी क्रायस्लर (डॉजची मूळ कंपनी) त्या काळी किंमत-वर्गाचे अक्षरच घालत असे: डार्ट 270ला एच, जीटीला पी, जीटीएसला एस. तिच्या जोडीच्या प्लिमथ हेमी बाराकुडाचा नंबरही त्याच रीतीने बीओ29 असा सुरू होतो. माझ्या हातातल्या, दुसऱ्या राज्यातून आलेल्या टायटलवर मात्र 'ओ'च्या जागी शून्य छापलेले होते.

आमच्या राज्याच्या मोटार वाहन कार्यालयात खिडकीवर ऐकू आले, "शून्य काय नि ओ काय, एकच!" एकच नाही. शून्य हा किंमत-वर्गाचा कोड क्रायस्लरच्या तक्त्यात नाहीच. साध्या डार्टवर फायबरग्लासचे बॉनेट आणि हेमी चढवून केलेल्या नकला बाजारात भरपूर आहेत. अशा वेळी खऱ्या गाडीच्या कागदावर चुकीचा नंबर असला की विमावाला आणि पुढचा गिऱ्हाईक दोघेही मागे सरकतात. शिवाय डॅशवरची व्हिनची पट्टी एक सांगते, टायटल दुसरे सांगते. पोलीस तपासणीत यावरून गाडी अडकून पडू शकते.

घोळाचे कारण समजले की रस्ता सापडतो. 1981च्या मॉडेलपासून व्हिन 17 खुणांचा झाला आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे बंद झाली, कारण ती 1 आणि 0 यांच्यासारखी दिसतात. खिडकीवरची यंत्रणा याच नियमाने चालते. 'ओ' टाकला की ती नाकारते, शून्य टाकला की खुशाल पुढे जाते. कर्मचाऱ्याशी वाद घालून उपयोग नाही. 1981च्या आधीच्या वाहनाची नोंद वरिष्ठाकडून हाताने करून घ्यावी लागते, आणि हे तिथे आपणहून कोणी सांगत नाही. मला तरी कोणी सांगितले नाही. फाइल 'तपासणी बाकी' म्हणून पडून राहिली आणि दर वेळी नवा माणूस तेच प्रश्न पहिल्यापासून विचारत राहिला.

शेवटी काम झाले ते या कागदांवर. अधिकृत व्हिन तपासनिसाच्या फॉर्मवर त्याच्याच अक्षरात "दुसरी खूण ओ हे अक्षर आहे, शून्य नाही" अशी ओळ. डॅशच्या पट्टीचे काचेतून काढलेले स्पष्ट फोटो, दोन्ही टोकांचे फुलाच्या आकाराचे रिव्हेट दिसतील असे. 1968च्या व्हिन तक्त्याची प्रत, 'ओ – सुपर स्टॉक' या ओळीवर खूण केलेली. आणि खरेदीपत्र, ज्यात नंबर 'ओ' घालूनच लिहिलेला. हे खरेदीपत्र सही होण्याआधी नीट लिहून घ्या. नंतर विक्रेता फोन उचलत नाही.

अर्ज 'दुरुस्ती'चा भरा. 'दुय्यम प्रत' मागितलीत तर तोच शून्य पुन्हा छापून येतो. चोरीची आणि कर्जबोज्याची चौकशी 'ओ' आणि शून्य अशा दोन्ही रूपांनी करून घ्या, कारण जुन्या राज्याच्या नोंदीत शून्य तसाच राहतो.

पट्टीला हात लावू नका. डॅश रंगवायचा म्हणून ती काढणे महागात पडते. व्हिनची पट्टी काढणे किंवा बदलणे हा अमेरिकेत संघीय गुन्ह्याचा विषय होतो. आजूबाजूला चिकटपट्टी लावून रंगवा.

काही गाड्यांना टायटलच नसते. ड्रॅगस्ट्रिपवर (सरळ शर्यतीच्या पट्ट्यावर) ट्रेलरवरून जायचे आणि परत यायचे, रस्त्यावर कधी उतरायचेच नाही, म्हणून मूळ मालकाने कारखान्याच्या मूळ दाखल्यावरून नोंदणी केलीच नाही. अशा वेळी बऱ्याच राज्यांत हमीपत्रावरचे टायटल मिळते. हमीची रक्कम काही ठिकाणी गाडीच्या किमतीच्या दीडपट धरतात. भरायचा असतो तो फक्त तिचा हप्ता. पण मूल्यांकन कोण करणार हे आधी विचारा, कारण हेमी डार्टची किंमत सामान्य डार्टच्या तक्त्यात सापडत नाही.

तपासनीस इंजिन नंबर जुळत नाही म्हणाला तर घाबरू नका. रेसमध्ये ब्लॉक फुटतात, बदलतात. टायटल बॉडीच्या नंबरावर असते. तरीही ब्लॉक आणि गिअरबॉक्सवरचे शिक्के घासून, सँडब्लास्ट करून पुसू नका. ए-833वर पीपी833, त्यापुढे चार आकडी दिवसकोड आणि अनुक्रमांक असतो. केरोसीन आणि मऊ ब्रश पुरे.

गिअरबॉक्स घेताना इनपुट शाफ्टचे दात मोजा. हेमीचा 18 दातांचा, जाड. साध्या बॉक्सचा 23 दातांचा. पुढच्या बेअरिंग रिटेनरचा व्यासही मोजा: हेमीचा 5.125 इंच, साधा 4.807, आणि बेलहाउसिंगचे (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाचे) भोक त्याच मापाचे हवे. बी-बॉडीचा (क्रायस्लरच्या मध्यम आकाराच्या गाड्यांचा) बॉक्स स्वस्तात मिळतो, पण त्याच्या मागच्या एक्स्टेन्शनवर शिफ्टरची जागा वेगळी असते. डार्टमध्ये लिव्हर फरशीच्या बोगद्याच्या भोकात येत नाही. बेलहाउसिंगचे भोक क्रँकशी समकेंद्री आहे का, ते डायल इंडिकेटरने बघा. फरक असेल तर 0.007, 0.014 किंवा 0.021 इंचाच्या ऑफसेट डॉवेल पिना बसवा. हे टाळले तर बॉक्स गिअरमधून निसटतो आणि दोष भलत्याच भागावर येतो.

मागच्या एक्सलमध्ये लोक हमखास फसतात. चार गिअरच्या गाडीला डॅना 60, 4.88 गुणोत्तराचा: क्राउनला (मोठ्या दातेरी चक्राला) 39 दात, पिनियनला (त्याला फिरवणाऱ्या लहान चक्राला) 8. डॅनाचे कॅरिअर (क्राउन ज्यावर बसतो तो भाग) दोन प्रकारचे, एक 4.10पर्यंतचा आणि दुसरा 4.56पासून पुढचा. विक्रेत्याकडे 4.10चा पूर्ण एक्सल असेल तर त्याच कॅरिअरवर साधा 4.88 सेट बसत नाही, क्राउन पिनियनला पोहोचतच नाही. जाड क्राउन किंवा दुसरा कॅरिअर लागतो. ऑटोमॅटिक गाडीत पावणेनऊ इंची एक्सल, 4.86चा. त्याच्या क्राउनचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. पान्याने जोर लावून तोडायच्या आधी एवढे लक्षात ठेवा.

टायटल टपालाने येते. पाकीट फोडल्याबरोबर दुसरे अक्षर भिंगातून बघा. तिथे शून्य दिसला, तर तपासनिसाच्या फॉर्मची प्रत घेऊन लगेच वरिष्ठाकडे जा. मूळ फॉर्म त्यांच्याकडेच राहतो, म्हणून आधीच दोन प्रती काढून ठेवा.