तुम्ही विचारलंत म्हणून: स्टेम सेल का नाही?

लग्न असो, बारसं असो, अगदी तेराव्यालासुद्धा कुणीतरी माझ्या व्हीलचेअरशेजारी खुर्ची ओढतं आणि विचारतं, "अरे, ते स्टेम सेल का करून घेत नाहीस? जपानात माणूस उभा राहिला म्हणे!"

राहिला, खरंच. तिथल्या केइओ विद्यापीठाने आयपीएस पेशींपासून (शरीरातल्या साध्या पेशी मागे नेऊन बनवलेल्या स्टेम सेल, म्हणजे ज्यांतून दुसऱ्या पेशी घडवता येतात अशा मूळ पेशी) मज्जापेशींच्या पूर्वपेशी तयार केल्या आणि चार जणांच्या मज्जारज्जूत प्रत्येकी वीस लाख सोडल्या. मार्च २०२५ मध्ये निकाल सांगितला: दोघांत सुधारणा, त्यातला एक आधाराशिवाय उभा. पण त्या चौघांना पेशी मिळाल्या त्या इजेनंतर दोन ते चार आठवड्यांत. मी माडावरून पडलो त्याला अकरा वर्षं झाली. माझ्या डी-टेनपाशी, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्यापाशी, मज्जारज्जूत आता पाण्याची पोकळी आहे आणि भोवती घट्ट व्रण. तिथे नुसत्या पेशी सोडणं म्हणजे कातळावर भात लावणं.

म्हणून मला त्या पोकळीत मांडव घालायची कल्पना जास्त आवडते. विरघळणारा स्पंज, त्याच्या आधाराने मज्जातंतू वेलीसारखे पुढे सरकतील. एका अमेरिकी कंपनीने ताज्या इजेत तो बसवून पाहिला. पहिल्या फेरीत बऱ्याच जणांत फरक दिसला, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. मग वीस जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, निम्म्यांना स्पंज, निम्म्यांना नाही. २०२३ मध्ये कळलं, स्पंजवाले काही पुढे गेले नाहीत. ताज्या इजेत थोडंफार आपोआपही परत येतं. ते श्रेय कुणाच्याही खात्यात जमा होऊ शकतं.

मलाही एका ठिकाणी चार लाख सांगितले होते. "ट्रायल आहे," म्हणाले. आईने बांगड्या काढून ठेवल्याही. माझा फिजिओ एवढंच म्हणाला, "ट्रायल आहे तर पैसे कसले?" आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचना त्यानेच दाखवल्या. मज्जारज्जूच्या इजेवर स्टेम सेल फक्त मंजूर ट्रायलमध्येच देता येतात. उपचार म्हणून विकता येत नाहीत. बांगड्या परत हातात गेल्या. आई मात्र महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाही.

आणि चालण्याआधी मला काय हवंय, ते पंगतीत सांगता येत नाही. मला लघवी लागल्याचं कळायला हवंय. आत्ता दर चार तासांनी घड्याळ बघून कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घालतो. जुन्या इजेचे पेशंट घेणारी रीतसर ट्रायल जवळपास निघाली, तर पहिल्याच दिवशी नाव देईन.