‘ऐकू आले नाही’ असे लिहा

गोव्यात पर्वरीला आमचं ऑफिस आहे. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. पुढे दाबलं की आवाज चालू, सोडलं की बंद, टाच टेकवली की थोडा मागे. अमेरिका-कॅनडातल्या बैठका, साक्षी, मुलाखती ऐकायच्या आणि जशाच्या तशा टाइप करायच्या. बहुतेक फायली विमा कंपन्यांच्या असतात आणि दुपारच्या जेवणानंतर त्या ऐकणं म्हणजे शिक्षाच. २०२५ च्या मे महिन्यात आलेल्या एका फायलीने मात्र जेवायची आठवणही ठेवली नाही.

एका आइस हॉकी क्लबाची सभा होती. हंगाम संपलेला, संघ प्लेऑफच्या बाहेर, आणि वर्षभराचं तिकीट काढणारे प्रेक्षक जनरल मॅनेजरला जाब विचारायला जमलेले. क्लबाचं नाव सांगता येणार नाही, आणि खाली ज्या खेळाडूच्या पगाराचा हिशेब येतो त्याचे आकडेही मी मुद्दाम बदलून गोल केले आहेत. त्यांची संध्याकाळची सात म्हणजे आपली पहाटेची साडेचार. त्यांचं ऑफिस उघडायच्या आत, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेसहापर्यंत, काम पोचवायचं होतं. ऑर्डरवर शेरा होता ‘शब्दशः’. म्हणजे अं-हं, अडखळणं, पाच सेकंदांहून लांबलेली शांतता, सगळं वेळेसकट नोंदवायचं. याचा दर जास्त असतो.

हॉकी म्हटलं की मला म्हापशाचं पेडेचं मैदान आठवणार, किंवा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचा गोल सांभाळणारे मूळ गोव्याचे लिओ पिंटो. बर्फावरच्या हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. बरं, सभेत खेळाबद्दल कोणी फारसं बोललंच नाही. सगळं बोलणं कराराचं.

तिथे एनएचएलमध्ये, म्हणजे त्यांच्या आइस हॉकीच्या मोठ्या लीगमध्ये, प्रत्येक संघाला पगाराची कमाल मर्यादा असते, तिला ते ‘कॅप’ म्हणतात. २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या भांडणात वाया गेला, त्यानंतर ती आली. २०२४-२५ साठी ती ८ कोटी ८० लाख डॉलर होती, पुढच्या हंगामासाठी ९ कोटी ५५ लाख. मालक कितीही गब्बर असो, त्यापलीकडे जाता येत नाही. त्यामुळे एका खेळाडूला जास्त दिले की दुसऱ्याचे कमी होतात, आणि खेळाडूंचे करार जगजाहीर असल्याने प्रत्येक प्रेक्षक घरी बसून मॅनेजरचा हिशेब तपासू शकतो. तपासतातही.

माझ्या शेजारी बसणारा मुलगा पेडेला हॉकी खेळतो. मी त्याला अर्धा हेडफोन दिला. तो म्हणाला, “ताई, आपल्याकडे हॉकी इंडिया लीगच्या लिलावात प्रत्येक पुरुष संघाला चार कोटी मिळाले होते. त्यातले ७८ लाख सूरमा संघाने एकट्या हरमनप्रीत सिंगवर घातले.” म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. गंमत अशी की एनएचएलचा नियमही तेवढ्यावरच थांबतो: एका खेळाडूचा वार्षिक पगार कॅपच्या २० टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही.

पहिल्या अर्ध्या तासात मॅनेजरने एकच वाक्य इतक्यांदा म्हटलं, ‘या संघावर आमचा विश्वास आहे’, की मी त्याला कीबोर्डवर दोन अक्षरांचा शॉर्टकट लावून टाकला. एका पोराने विचारलं, नव्याने संघ बांधतोय म्हणता, मग नवे खेळाडू निवडायची दुसऱ्या फेरीतली पाळी दुसऱ्या संघाला देऊन चौतिशीचा बचावपटू का आणला? शॉर्टकट. दुसऱ्याने विचारलं, त्याच्या करारात ‘मला हलवायचं नाही’ हे कलम कोणी घातलं? शॉर्टकट, आणि वर ‘ड्रेसिंग रूममधलं नेतृत्व’.

आमच्या डिचोलीकडे जत्रेच्या नाटकाचा जमाखर्च मांडताना असंच होतं. नायिका बाहेरून आणलेली, तिच्या नाइटवर अर्धे पैसे गेलेले, तबलजी सापडलेला नाही, आणि खजिनदार म्हणतो, ‘देवाचं कार्य आहे, सगळं नीट झालं.’ तरी मागे बसलेल्या एखाद्या काकांकडे पावतीचा फोटो असतोच.

या सभेत ते काम एका बाईंनी केलं. आवाजावरून सत्तरीच्या. निवृत्त शिक्षिका आहे, एवढंच त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं. मॅनेजर थोडा आधी म्हणाला होता की त्या बचावपटूचा करार डोईजड झालाच तर ‘बाय-आउट’चा पर्याय आहे. खेळाडूला काही रक्कम देऊन करारातून मोकळं करायचं, असा तो प्रकार. सव्वीस किंवा त्याहून जास्त वयाच्या खेळाडूला उरलेल्या पगाराचा दोन तृतीयांश द्यायचा, तोही उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात विभागून.

बाई म्हणाल्या, मी गणित करून आणलंय. तीन वर्षं उरलीत, वर्षाला ६० लाख डॉलर. साधा पगार असता तर १ कोटी ८० लाखांचे १ कोटी २० लाख झाले असते, सहा वर्षांत वाटले की वर्षाला २० लाख. ठीक होतं. पण तुम्ही ६० लाखांतले ५० लाख करारावर सही करण्याचा बोनस म्हणून लिहून दिलेत, आणि बाय-आउटमध्ये तो बोनस कमी होत नाही. पगार फक्त १० लाख, त्याचेच काय ते वर्षाला सुमारे ३.३ लाख होतात. म्हणजे त्याला घालवूनही पहिली तीन वर्षं तुमच्या कॅपवर सुमारे ५३ लाख बसणार. वाचणार सात लाखांहून कमी, आणि त्यात नवा खेळाडू यायला हवा. मिनेसोटा संघाने २०१२ मध्ये पारिसे आणि सूटर या खेळाडूंना प्रत्येकी १३ वर्षांसाठी ९.८ कोटी डॉलर दिले, २०२१ मध्ये दोघांना बाय-आउट केलं, आणि गेली दोन वर्षं संघात नसलेल्या त्या दोघांपायी दरवर्षी सुमारे १ कोटी ४७ लाखांची कॅप अडकून पडली. मग माझा प्रश्न एवढाच: तुमच्या पर्यायाने नेमकं काय वाचतं?

स्क्रीनवर आवाजाची रेघ सपाट झाली. मी टाच टेकवून पुन्हा ऐकलं, सुरुवातीची आणि शेवटची वेळ टिपली. अकरा सेकंद. त्यात एक खुर्ची करकरली आणि मागे कोणीतरी हसलं. मग अध्यक्ष म्हणाले, “चांगला प्रश्न आहे, पुढचा घेऊ.”

नियमाप्रमाणे मी लिहिलं: शांतता, ११ सेकंद. वेळेत फाईल गेली.

रात्री निघता निघता क्लबाकडून मेल आली. दोन मागण्या. शांततेची नोंद काढा, आणि बाईंच्या आकडेमोडीच्या जागी ‘ऐकू आले नाही’ असे लिहा.

आमची टीम लीड फोंड्याची, माझ्याहून मोठी, बोलायला कमी. तिने मेल वाचली आणि विचारलं, “तुला ऐकू आलं गो?”

“स्वच्छ, ताई. माईकवर होत्या त्या.”

“मग आपण खोटं कशाला लिहू?”

शांततेचं तिला काही वाटलं नाही. साफसूफ प्रत हा वेगळा, स्वस्त प्रकार आहे. त्यात अं-हं आणि थांबणं गळतंच. ते गिऱ्हाइकाने मागावं, आपण द्यावं. ऐकू आलेलं बोलणं आलं नाही म्हणून लिहिणं मात्र कुठल्याच दरात बसत नाही. तिने तसं चार ओळीत कळवलं आणि पुस्ती जोडली, मजकूर वगळायचा असल्यास आपण आपल्या प्रतीत वगळावा, आमच्या प्रतीवर आमचा शिक्का राहील. मला ते शेवटचं वाक्य थोडं जास्तच तिखट वाटलं होतं. गिऱ्हाईक गेलं असतं तर वरचे लोक आम्हालाच बोलले असते.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. साफसूफ प्रत द्या, प्रश्न राहू दे. बिलाचे पैसेही साफसूफच्याच दराने आले, शब्दशः काम करूनसुद्धा. त्यावरून लेखा विभागाशी आमचं जे काही झालं ते वेगळंच.

बाय-आउटची मुदत त्यांच्याकडे ३० जूनला संपते. शेजारचा मुलगा मोबाईलवर यादी काढून बसला होता. त्यात तो खेळाडू नव्हता.