संशयितावरच जीव जडतो तेव्हा: प्रेम-रहस्य कादंबरीची बांधणी

प्रेम आणि रहस्य एकाच कादंबरीत आणायचं म्हटलं की बहुतेक हस्तलिखितांत एकच प्रकार दिसतो. एक प्रकरण खुनाचं, एक पावसात भिजण्याचं, पुन्हा एक खुनाचं. वाचक मग आपल्याला हवी ती पानं वाचतो आणि बाकीची उलटतो. दोन्ही धाग्यांच्या मुळाशी प्रश्न एकच असेल तरच हा प्रकार जमतो: या माणसावर विश्वास ठेवायचा का? तपास पुढे सरकला की प्रेम डळमळलं पाहिजे, आणि प्रेम पुढे सरकलं की तपासाची पंचाईत झाली पाहिजे. प्रसंग कितीही झकास उतरलेला असो, तो यातलं एकच काम करत असेल तर त्याला कात्री.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक कच्चं कथानक घेऊ. जुलै महिना, मालवण तालुका, देवबागच्या बाजूची खाडी. पतसंस्थेच्या व्यवस्थापकाचा मृतदेह खाडीत सापडलाय. केतकी पुण्याहून आलेली लेखापरीक्षक. सुदेश स्कूबा डायव्हिंग शिकवतो. पावसाळ्यात डायव्हिंग बंद, म्हणून सध्या रिकामा. त्यामुळे त्याला केतकीसोबत फिरायला वेळ आहे. धंदा बंद म्हणून पतसंस्थेचे हप्तेही थकलेत, म्हणजे त्याच्यावर संशय घ्यायला जागाही आहे. पात्राचा प्रत्येक मोठा तपशील असा दोन्हीकडे वापरता यायला हवा. नायक ‘देखणा आणि गूढ’ असून भागत नाही. देखणेपणाने तपास इंचभरही पुढे जात नाही.

लिहायला बसल्यावर पहिल्यांदा गुन्हा लिहावा. गुन्हेगाराच्या बाजूने, घडला त्याच क्रमाने, तीन-चार पानं. इथे शैलीची गरज नाही, वेळा हव्यात. कोण किती वाजता कुठे होतं, फोन कुठे होता, गाडी कुठे लावली होती, कोणाला कोणी पाहिलं. ही पानं छापली जाणार नाहीत, पण ती नसली की विसाव्या प्रकरणात लेखकालाच कळेनासं होतं की खून कोणी केला. आणि मग तो नवा खुनी शोधतो! वाचकाला हा बदल नेमका जाणवतो, कारण आधीच्या एकोणीस प्रकरणांत त्या माणसासाठी काहीच पेरलेलं नसतं.

मग तक्ता. एक्सेलमध्ये करा, नाहीतर हिशेबाच्या वहीत. रकाने सहा: प्रकरण, तिथी-वार-वेळ, काय घडतं, केतकीला काय कळलं, वाचकाला काय कळलं, आणि शेवटी केतकीचा सुदेशवरचा विश्वास, उणे पाच ते अधिक पाच. शेवटचा रकाना पोरकट वाटेल, पण दुरुस्तीच्या वेळी सगळ्यात जास्त कामाला तोच येतो. सलग तीन प्रकरणं आकडा हलला नसेल तर तिथे कादंबरी बसलेली असते. ही बसकण बहुधा पंधराव्या ते बाविसाव्या प्रकरणाच्या दरम्यान सापडते.

लांबीचं गणित सोपं आहे. दीड हजार शब्दांचं एक प्रकरण धरलं तर ४२ प्रकरणांत ६३ हजार शब्द होतात. डेमी आकारात, पानाला २८० शब्द धरून, सव्वादोनशे पानं. पहिली भेट तिसऱ्या प्रकरणाच्या आत उरकावी. सुदेशवर पहिला गंभीर संशय चौदाव्याच्या आसपास, आणि विश्वास पुरता मोडतो तो तीसच्या आगेमागे. आधी मोडला तर उरलेल्या पानांत भांडणाशिवाय काही उरत नाही.

आता खरी मजा, म्हणजे दुवे कुठे लपवायचे ती. रहस्यकथेत दुवा यादीत लपवतात: टेबलावरच्या सात वस्तूंतली चौथी. प्रेम-रहस्यात याहून चांगली जागा आहे, ती म्हणजे प्रेमाचा प्रसंग. वाचकाचं लक्ष त्या दोघांवर असतं, माहितीवर नसतं.

आपल्या कथेत साक्षीदार सांगतो की व्यवस्थापक रात्री आठला जेटीवरून एका छोट्या होडीत चढताना दिसला. ती रात्र आषाढ वद्य द्वितीयेची. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना ठोकताळा असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीडच्या सुमारास भरती, दिवसाही आणि रात्रीही. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे पावणेआठच्या सुमारास. पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, त्यामुळे भरती-ओहोटी दोन्ही जोरदार. आठ वाजता त्या जेटीच्या पायऱ्यांखाली चिखल असणार, होडी लागणारच नाही. साक्षीदार खोटं बोलतोय, आणि गावातल्या कोणालाही ते पहिल्या दिवशीच कळायला हवं. पुण्याच्या केतकीला मात्र कळत नाही. (ठोकताळ्यावर विसंबून छापू नका. खाडीत आत वेळ पुढे सरकते, म्हणून त्या जागेचं भरतीचं वेळापत्रक पाहा आणि गावातल्या एखाद्या मच्छीमारालाही विचारा.)

हा नियम वाचकाला आधी सांगून ठेवायचा आहे, पण सांगितल्याचं त्याला जाणवता कामा नये. तर अकराव्या प्रकरणात, लाइट गेलेली, पडवीत दोघं बसलेली:

‘आज चतुर्थी. चार.’ त्याने तिची चार बोटं एकेक करून मिटली. ‘आता एक सोड. रवली किती?’
‘तीन.’
‘म्हणजे तीनाक भरती. झाला गणित.’
‘आणि हात कधी सोडणार तुम्ही?’
‘ओहोटी लागली की.’

वाचक हातावर थांबतो आणि नियम त्याच्या डोक्यात जाऊन बसतो. अठरा प्रकरणांनंतर केतकी पतसंस्थेत फायली चाळत असते, भिंतीवर कालनिर्णय, बोटं आपोआप मिटतात. दोन. एक सोडली तरी जमत नाही, अर्धंच सोडायला हवं. दीड. मग ओहोटी. साक्षीदार खोटा, हे तिला तिथेच कळतं. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं: ज्याने हे गणित शिकवलं त्याला हे पहिल्यापासून ठाऊक होतं, तरी तो गप्प राहिला. एकाच दुव्याने तपास एक पाऊल पुढे गेला आणि विश्वासाचा आकडा अधिक चारवरून उणे तीनवर आला. असे तीन दुवे जमले की कादंबरी उभी राहते. सात-आठ लागत नाहीत.

सुदेश गप्प का राहिला, याचं उत्तर लेखकाकडे पहिल्या दिवसापासून हवं. साक्षीदार त्याचा सख्खा मामा आहे, ज्याने बाप गेल्यावर त्याला वाढवलं. गप्प राहण्याचं कारण लाजिरवाणं असावं, पण क्षम्य असावं. कारण फारच उदात्त निघालं तर नायिका मूर्ख ठरते, आणि अक्षम्य निघालं तर शेवटचं मीलन वाचकाच्या घशाखाली उतरत नाही.

निवेदनाचा प्रश्न इथेच येतो. अर्धी प्रकरणं सुदेशच्या मनातून लिहिण्याचा मोह होतो. पण त्याच्या डोक्यात शिरून त्याला मामाचं खोटं आठवतच नाही असं दाखवणं ही सरळसरळ फसवणूक आहे. मार्ग दोनच. सगळी कादंबरी केतकीच्या नजरेतून लिहा, किंवा सुदेशची बाजू त्याचं मौन फुटल्यानंतरच उघडा. मला दुसरा जास्त आवडतो. इतका वेळ बाहेरून पाहिलेला माणूस अचानक आतून दिसतो.

अहो-जाहोचीही तक्त्यात नोंद ठेवा. वरच्या प्रसंगात सुदेश ‘सोड’ म्हणतो आणि केतकी अजून ‘तुम्ही’वर आहे. मालवणी बोलणाऱ्याच्या तोंडी ‘तू’ लवकर येतं, केतकीला ती जवळीक वाटते. ती स्वतः ‘तू’वर कधी येते तो प्रसंग ठरलेला हवा, आणि संशय आल्यावर ती पुन्हा ‘तुम्ही’वर जाते तोही. लांबलचक मनोगतापेक्षा ते एक ‘तुम्ही’ जास्त लागतं. प्रूफ वाचताना हे हमखास निसटतं, एकाच संवादात दोन्ही रूपं राहतात आणि सगळा खेळ वाया जातो.

पोलिसांच्या बाबतीत मराठी वाचक आता चोखंदळ झालाय. गावात मृतदेह सापडला तर खबर आधी पोलीस पाटलाकडे जाते. ठाण्यात आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, इन्क्वेस्ट पंचनामा (मृतदेहाच्या पाहणीचा) होतो, शवविच्छेदन होतं, व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतले अवयव, राखून ठेवतात. खुनाचा गुन्हा लगेच दाखल होईलच असं नाही. ही मधली ढिलाई कादंबरीला वरदान आहे, कारण ‘बुडून मृत्यू’ म्हणून कागद बंद व्हायच्या बेतात असतो आणि केतकीला घाई करावी लागते. व्हिसेराचा अहवाल दोन दिवसांत आणू नका, त्याला आठवडे, कधी महिने लागतात. कथा १ जुलै २०२४ नंतरची असेल तर कागदावर खुनासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ येईल. हवालदाराच्या तोंडी मात्र खुशाल जुन्या दंड संहितेतलं ‘तीनशे दोन’ असू द्या, जुनी सवय आहे ती.

फोनचा सीडीआर, म्हणजे कोणाला कधी आणि कोणत्या टॉवरवरून फोन झाले याची नोंद, उपनिरीक्षकाने मनात आणलं आणि मागवला, असं होत नाही. ती मागणी पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत जाते. आणि टॉवरवरून माणूस कोणत्या घरात होता ते कळत नाही, फक्त कोणत्या परिसरात होता ते कळतं. कोकणात हा परिसर काही किलोमीटरचा असू शकतो, म्हणजे मामा, भाचा आणि खुनी तिघंही एकाच टॉवरखाली. सीसीटीव्हीचं चित्रण हार्ड डिस्क भरली की पुसलं जातं, त्यामुळे केतकीला ते मिळायला उशीर करायचा असेल तर कुठलीही सबब शोधावी लागत नाही.

सर्वांत जास्त बिघडतो तो शेवट. खुनी इन्स्पेक्टरसमोर दोन पानं भाषण देतो, सगळं कबूल करतो, पडदा. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, आणि हे आता टीव्ही पाहणाऱ्या आजीलाही माहीत असतं. आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू हस्तगत झाली तर तेवढ्यापुरतं त्याचं सांगणं ग्राह्य धरतात, त्यासाठी मेमोरंडम पंचनामा होतो, म्हणजे ते सांगणं पंचांसमोर लिहून घेतात. म्हणून शेवटी भाषणाऐवजी वस्तू ठेवा. आपल्या कथेत, खाडीच्या तळाशी दगड बांधून सोडलेली पतसंस्थेची वही. ती वर काढायला पाण्याखाली उतरणारा माणूस लागतो, आणि ते कसब गावात एकाकडेच आहे. पोलिसांनी सुदेशला बोलावणं, जुलैच्या गढूळ पाण्यात हातभरही न दिसणं, आणि वही सापडली तर मामा अडकणार हे ठाऊक असूनही त्याने उतरणं: प्रेम आणि तपास इथे एकाच दोरीला लोंबकळतात. थरारासाठी वेगळा पाठलाग नको, वेगळी बंदूक नको.

आणि केतकीला मध्यरात्री एकटीला जेटीवर पाठवू नका. पाठवायचीच असेल तर तिच्याकडे न टाळता येणारं कारण हवं, आणि आपण कुठे जातोय हे तिने कोणाला तरी कळवलेलं हवं. तो निरोप पोचत नाही, हा भाग लेखकाने सांभाळायचा.

खुनी सापडल्यावर निदान दोन प्रकरणं राखून ठेवा. विश्वासाचा आकडा अजून वर आलेला नसतो. तो माफीच्या एका संवादाने वर येत नाही, सुदेशने काहीतरी स्वतःहून सांगायला हवं, जे केतकीला एरवी कधी कळलंच नसतं.

दुरुस्तीच्या फेऱ्या वेगवेगळ्या करा, एकत्र केल्या की काहीच धड होत नाही. एका फेरीत फक्त वेळा: तिथी, भरती, चंद्रोदय. वद्य द्वितीयेला चंद्र साडेआठच्या आसपास उगवतो, त्यामुळे सात वाजता चांदणं पसरलेलं असलं तर संकष्टी धरणारी प्रत्येक वाचक तिथेच थांबेल. दुसऱ्या फेरीत कोणाला काय माहीत आहे तेवढंच पाहा. तिसरी फेरी संबोधनांची. चौथीत सगळं मोठ्याने वाचा, विशेषतः ऑडिओसाठी द्यायचं असेल तर. सुदेश, सुरेश आणि सुहास ही तीन नावं कागदावर वेगळी दिसतात, कानाला एकच वाटतात.

प्रतिलिपीसारख्या ऑनलाइन वाचनाच्या ठिकाणी भागाभागाने टाकायचं असेल तर सगळा मसुदा पुरा झाल्याशिवाय पहिला भाग टाकू नये. वाचक अभिप्रायात खुनी ओळखू लागले की लेखक बिचकतो आणि घाईने खुनी बदलतो. दोन-चार जणांनी बरोबर ओळखला तर काही बिघडत नाही, उलट दुवे नीट पेरले गेल्याची ती पावती असते. सगळ्यांनीच दहाव्या भागात ओळखला, तर पुढचा भाग थांबवून तक्ता पुन्हा उघडावा.