आमची वाटचाल : दिमडी कानानं निवडायची

आमचं दुकान कराड तालुक्यात. आजोबा मुख्यतः हलग्या मढवायचे; कुस्तीचं मैदान, पालखी, लग्नाची वरात, सगळीकडे त्याच लागायच्या. दिमडी, म्हणजे बोटांनी वाजवायचा छोटा डफ, खंडोबाचा कुणी वाघ्या (त्याच्या नावानं जागरण घालणारा भक्त) येऊन सांगून गेला तरच. पौषात पालच्या खंडोबाची यात्रा जवळ आली की दारात मंडळी जमायची. वाद्य घेऊन जायची, पैसे ओट्याच्या कडेवर ठेवायची आणि पाणी विचारलं तर नको म्हणायची. चामड्याचं काम करणाऱ्या घरचं पाणी चालत नसे. त्याच चामड्याच्या दिमडीला मात्र घरी गेल्यावर भंडारा लागायचा. आजोबा यावर कधी काही बोलले नाहीत, वडील बोलायचे.

वडिलांच्या काळात हलगीचं कडं, म्हणजे चामडं ताणायची गोल चौकट, लाकडाचं जाऊन लोखंडी पत्र्याचं आलं आणि नंतर चामड्याच्या जागी फायबरचं पान आलं. भर पावसातल्या वरातीला फायबर बरं, ते आम्हीही विकतो. दिमडी मात्र चामड्याचीच ठेवली. ती बोटांनी वाजते, आणि बोटाखाली फायबर नुसतं टणटणतं.

गिऱ्हाईक येतं तेव्हा आम्ही आधी विचारतो, कार्य कोणतं? अर्धे लोक ‘गोंधळाला दिमडी द्या’ म्हणतात. गोंधळ असेल तर गोंधळी आपलं संबळ घेऊन येतील, दिमडी लागते खंडोबाच्या जागरणाला. वाघ्याच्या हातात दिमडी, जोडीला तुणतुणं, सोबत नाचणाऱ्या मुरळीच्या हातात घाटी, म्हणजे छोटी घंटा. रात्रभर चालणारा हा कार्यक्रम. म्हणून वजन बघावं लागतं. पितळी कडं दिसायला देखणं, पण पहाटेच्या आरतीपर्यंत डाव्या मनगटाला कळतं. आम्ही फणसाच्या नाहीतर शिसवीच्या लाकडाचं सात-आठ इंची कडं करतो. देव्हाऱ्यात ठेवून फक्त तळी भरताना वाजवायची असेल, तर पितळी खुशाल घ्या.

चामडं बकऱ्याचं. चुन्यात भिजवून केस काढायचे, ओलं असतानाच कड्यावर ताणायचं, चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचं आणि सावलीत वाळू द्यायचं. उन्हात घाई केली की एका बाजूनं जास्त ओढलं जातं आणि आवाज वाकडा येतो. जुने वाघे अजून विचारतात, ‘घोरपडीची आहे का?’ नाही, आणि मिळणारही नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण आहे, शिकार आणि विक्री दोन्ही गुन्हा. तो कडक, बारीक आवाज बकऱ्याच्या कोवळ्या, पातळ चामड्यातून बराचसा निघतो. अगदी तोच निघतो असं मी म्हणणार नाही.

दुकानात आलात तर दिमडी आधी उजेडासमोर धरा. बकऱ्याच्या पाठकण्याची गडद रेघ मधोमध गेलेली दिसली पाहिजे. ती एका कडेला सरकली असेल तर दोन्ही बाजूंची जाडी सारखी नसते. सुरीचा ओरखडा दिसला तर बाजूला ठेवा, चामडं पुढे तिथूनच फाटतं. मग कडेकडेनं बोट मारत गोल फिरा. आवाज कुठं बसका, कुठं चढा येत असेल तर घेऊ नका, मी सांगतोय म्हणून नव्हे, तुमच्याच कानाला ते खुपेल. तुणतुणं असेल तर सोबत आणा. त्याची तार खुंटी पिळून वरखाली करता येते, दिमडीला खुंटी नसते. तिला शेकून चढवायचं, नाहीतर पाण्याचा हात फिरवून उतरवायचं, एवढंच. म्हणून आधी दिमडी ठरवा आणि तार तिला लावा. रंगीत गोंडे आणि आरसे आम्ही शेवटी लावून देतो, कारण ते आधी लावले की लोक गोंडेच बघतात.

अलीकडे पुण्या-मुंबईतून ध्यानाला, मंत्रजपाला हातातलं वाद्य हवं म्हणून फोन येतात. त्यांना आम्ही दिमडी देत नाही. तिचा आवाज लक्ष वेधून घेणारा, बसल्या जागी उठवणारा. त्यांना मोठा डफ सुचवतो, थोडा सैल मढवलेला, म्हणजे घुमारा खोल येतो. लांबच्या गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज ऐकवतो, पण मोबाइलच्या स्पीकरवर डफाचा खालचा सूर पोचतच नाही. कानाला हेडफोन लावूनच ऐका. परदेशी पाठवायचा असेल तर तिकडचे नियम आधी विचारून घ्या, काही देशांत कच्च्या चामड्याची तपासणी फार कडक असते.

पावसाळ्यात चामडं सैलावतं. शेगडीपासून हातभर लांब धरून फिरवत शेका, गॅसच्या ज्वाळेवर धरलेल्या दिमड्या आमच्याकडे चिरून परत येतात. भंडारा कोरडा आणि कड्यालाच लावा. ओली हळद पानावर गेली की ते मऊ पडतं.

आषाढ-श्रावणात आम्ही नवीन मढवणं बंद ठेवतो, दमट हवेत चामडं नीट वाळत नाही. चंपाषष्ठीला दिमडी हवी असेल तर दसऱ्याच्या आसपास सांगून ठेवा. दिवाळीनंतर आलेल्यांना आम्ही पालच्या यात्रेची तारीख देतो.